माहेरचे नाव कंसात

पुसद तालुका हा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सासरी आलेला तालुका आहे. १९०५ पर्यंत तो वाशीमच्या घरचा होता. त्या साली वऱ्हाडची नवी मांडणी झाली, वाशीम जिल्हा मोडला आणि पुसदची पाठवणी इकडे झाली. यवतमाळलाही तेव्हा आपल्या नावाची नवलाईच होती. कारण त्याआधी हा मुलूख वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. साहेबाच्या जिभेला 'यवतमाळ' काही केल्या वळेना. तो कागदावर 'येओटमाल' लिहीत राहिला, आणि आमचे लोक तोंडाने 'यवतमाळ'च म्हणत राहिले.

माझे माहेर पुसदचे. माझ्या आजोबांनी उभ्या जन्मात घर बदलले नाही. पण एकाच ओसरीवर बसून ते आधी निजामाच्या मालकीच्या आणि इंग्रजाच्या ताब्यातल्या वऱ्हाडात राहिले, १९०३ पासून मध्यप्रांत-वऱ्हाडात राहिले, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात राहायला आले. ओसरी तीच, पानाचा डबा तोच, समोरचा कडुनिंबही तोच. बदलली ती फक्त पत्रावर लिहायची शेवटची ओळ. जागचे न हलता माणसाचा पत्ता असा बदलतो. तुम्ही म्हणाल, हे राजकारण झाले. पण ज्याला राजकारणाशी काही देणेघेणे नाही अशा एका प्राण्याच्या वाट्यालाही नेमके हेच आले आहे, आणि तो प्राणी यवतमाळात आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसत असे.

लग्न होऊन मी १९७४ साली यवतमाळला आले. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो सांगून कळायचा नाही. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रे दिसत नाही. विहिरी तळाला जातात आणि नळाला पाणी आले की गल्लीत सण असल्यासारखी धांदल उडते. अशा दिवसांत आमच्या न्हाणीत, रांजणामागच्या चुन्याच्या भिंतीवर, एक बेडूक येऊन बसे. चांगला मुठीएवढा. पाय पोटाशी घेऊन, डोळे अर्धवट मिटून, ध्यानस्थ. भिंत पांढरी म्हणून तोही फिकट पडलेला. दाराच्या लाकडावर बसला की बदामी होई. बोटांच्या टोकांना गोल चपट्या गाद्या, जणू प्रत्येक बोटाला एकेक टिकली लावली आहे. त्या टिकल्यांच्या जोरावर तो उभ्या भिंतीला धरून राही.

पहिल्या उन्हाळ्यात मी झाडू उचलला तेव्हा सासूबाईंनी मागून हात धरला. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई म्हणाल्या, "त्याले हाकलू नको वो. पाण्याच्या आसऱ्याले आला हाये. मिरग लागला का जाईन आपल्या वाटेनं."

आणि तो खरोखरच जाई. मृगाच्या सरी पडल्या की एका रात्री भिंत रिकामी होई. मग परसातल्या हौदाच्या बाजूने रात्री 'टक् टक् टक्' असा कोणी लाकडावर बोट आपटावे तसा आवाज येई. एखाद्या सकाळी हौदाच्या काठाला, पाण्याच्या जरा वर, साबणाच्या फेसाचा गोळा चिकटलेला दिसे. धुणे करणारी बाई आणि मी एकमेकींकडे संशयाने पाहत असू. पण तो फेस साबणाचा नव्हे, ते त्यांचे घरटे. मादी अंडी घालताना मागच्या पायांनी घुसळून घुसळून फेस करते. आपण ताक घुसळतो तसाच. अंडी त्या फेसात ओली राहतात, आणि काही दिवसांनी आतली इवली पिल्ले टपाटप खालच्या पाण्यात पडतात. बाकीचे बेडूक अंडी पाण्यात घालतात. याची बायको मात्र पाण्याच्या माथ्यावर पाळणा बांधते.

आत्याबाईंची बेडकांची स्वतःची प्रतवारी होती. विहिरीत 'डराव डराव' करतो तो निराळा. अंगणात दिव्याखाली किडे टिपतो तो खरबरीत अंगाचा निराळा. नांगराबरोबर जमिनीतून फुगून वर येतो तो निराळा. आणि हा न्हाणीतला निराळा. कोण कुठे राहतो आणि कसा ओरडतो, एवढ्यावर त्यांचा सगळा हिशेब. नाव मात्र सगळ्यांना एकच. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. पण ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात जे मंडूकसूक्त आहे, तिथल्या ऋषीचा हिशेबही फारसा वेगळा नाही. कोणाचा आवाज गाईसारखा, कोणाचा बोकडासारखा, कोणी ठिपक्यांचा, कोणी हिरवा, असे भेद त्याने टिपून ठेवले आहेत; आणि रूपे इतकी निराळी असून यांना नाव एकच कसे, याचे त्याला नवलही वाटले आहे. सुश्रुताने तर विषाच्या प्रकरणात बेडकांच्या चांगल्या आठ जाती मोजल्या आहेत. तेव्हा जाती लावण्याची हौस माणसाला जुनीच आहे. फक्त जाती लावायच्या त्या आवाजावरून, रंगावरून की आणखी कशावरून, एवढाच काय तो वाद.

हा वाद किती लांबला याची कथा मला माझ्या नातीने सांगितली. ती अमरावतीला प्राणिशास्त्र शिकते. सुटीत आली की तिची जाडी पुस्तके आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरतात. एकदा त्यांतल्या एका पानावर मला न्हाणीतला आमचा पाहुणा भेटला. मांडीच्या मागच्या बाजूला काळपट रंगावर पिवळे ठिपके. हे ठिपके बसलेल्या बेडकाचे दिसत नाहीत. आतल्या पदराच्या बुट्ट्यांसारखे झाकलेले राहतात. चित्राखाली नाव होते 'पॉलिपेडेटीस मॅक्युलाटस', आणि त्यापुढे कंसात 'ग्रे, १८३०'.

"हे ग्रे कोण?" मी विचारले.

"ज्यांनी याचं नाव ठेवलं ते," नात म्हणाली.

म्हणजे आत्या! आपल्याकडे बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. बेडकाच्या पाळण्याशी दाढीवाल्या साहेबाला पाहून मला हसू आले. पण गोष्ट जशी पुढे गेली तसे हसू ओसरत गेले.

गोष्ट अशी. स्वीडनमध्ये लिनियस नावाचे मोठे पंडित होऊन गेले. त्यांनी प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव द्यायची रीत पक्की केली. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा त्याचा स्वतःचा. आपण आडनाव आधी लिहावे तसे. त्यांच्या ग्रंथाची १७५८ सालची आवृत्ती ही प्राण्यांच्या नावांची शकगणना. त्याआधीची नावे धरीत नाहीत. पण या थोर माणसाला बेडकांची, सरड्यांची, सापांची किळस होती. ही सगळी थंड अंगाची मंडळी त्यांनी एकाच गाठोड्यात बांधली, आणि बेडूक तेवढे एकजात 'राना' या आडनावाखाली घातले. युरोपातला झाडावर चढणारा चिमुकला हिरवा बेडूकही 'राना'च. पुढे दहा वर्षांनी, १७६८ साली, व्हिएन्नाच्या लॉरेन्टी नावाच्या वैद्याने गाठोडे सोडले. झाडावर चढणाऱ्यांना त्याने 'हायला' हे वेगळे घर दिले.

मग १८३० साल उजाडले. हिंदुस्थानच्या फौजेत नोकरी करता करता इथल्या प्राण्यांची शेकडो चित्रे काढवून घेणारे मेजर-जनरल हार्डविक म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या संग्रहातून लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी या बेडकाला जगापुढे आणले. बोटांना गाद्या आहेत, झाडावर चढतो, तेव्हा घराणे 'हायला'. अंगावर ठिपके, म्हणून स्वतःचे नाव 'मॅक्युलाटा', म्हणजे ठिपक्यांची. हे त्याचे पाळण्यातले नाव.

इथून त्याची घरे बदलू लागली. तिकडे जावा बेटात कूल आणि व्हॅन हॅसेल्ट या दोन तरुणांनी पूर्वेकडच्या झाडबेडकांसाठी 'राकोफोरस' असे नवे घर उघडले होते. ते नाव १८२२ साली छापून आले तेव्हा त्यांतला कूल हयात नव्हता. पंचविशीही न गाठता तो १८२१ मध्येच जावात वारला होता. दुसराही पुढल्या वर्षी गेला. १८३८ मध्ये चूडी नावाच्या अवघ्या वीस वर्षांच्या स्विस पोराने आणखी एक घर बांधले, 'पॉलिपेडेटीस', म्हणजे पुष्कळ उड्या मारणारा. आमचा पाहुणा 'हायला'तून उठून तिथे राहायला गेला. मग ब्रिटिश म्यूझियममध्ये बूलांजे नावाचे करडे साहेब आले. त्यांनी १८८२ च्या आपल्या यादीत चूडीचे घर मोडून सगळा संसार 'राकोफोरस'मध्ये हलवला. १८९० साली ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, त्यातही हा 'राकोफोरस'च. मध्ये काही काळ तर त्याला स्वतंत्र जात म्हणूनही कोणी मानीना. पूर्वेकडच्या एका पांढऱ्या ओठाच्या भाऊबंदाची ही पोटजात, असे ठरले. शेवटी १९७० मध्ये लिएम नावाच्या अभ्यासकाने या सगळ्या मंडळींची हाडे नि स्नायू नव्याने तपासले, चूडीचे घर पुन्हा उभे केले, आणि ठिपकेवाला परत 'पॉलिपेडेटीस' झाला. पुढे रक्तमांसातल्या डीएनएची परीक्षा आली. तिनेही हे घर वेगळेच आहे असा कौल दिला.

या एवढ्या उलाढालीत आमच्या न्हाणीतला बेडूक पुसदच्या आजोबांसारखा जागच्या जागी बसून होता.

पण ही उगाचची धरसोड नव्हती. तिच्यामागे एक गहन प्रश्न होता. बोटांना गाद्या आहेत म्हणून युरोपातला 'हायला' आणि आमचा ठिपकेवाला एका घरचे मानले. शेवटच्या दोन पेरांच्या मध्ये कूर्चेची एक जादा चकती असते, तीही दोघांना आहे. दिसायला सख्खे भाऊ. पण अमेरिकेत कोप नावाच्या शास्त्रज्ञाने बाहेरचे सोडून छातीच्या हाडांत पाहायला सांगितले. 'हायला'च्या आणि अंगणातल्या खरबरीत बेडकाच्या छातीची दोन अर्धुके अंगरख्याच्या पाखांसारखी एकावर एक चढलेली असतात. आमच्या ठिपकेवाल्याची आणि विहिरीतल्या डरावची मात्र कोटाच्या बटनपट्टीसारखी मधोमध पक्की जुळलेली. म्हणजे ज्याचे तोंड 'हायला'शी मिळत होते त्याचे रक्त विहिरीतल्या बेडकाशी मिळत होते! दोघेही झाडावर चढले, दोघांनाही धरून राहायची गरज पडली, म्हणून दोघांच्या बोटांना टिकल्या आल्या. एकाच पेशाच्या माणसांचे हात सारखे दिसू लागतात, तसे. कापूस वेचणाऱ्या दोन बायांच्या बोटांना सारखेच चरे पडलेले असतात. त्यावरून त्या बहिणी ठरत नाहीत.

म्हणून झाडबेडकांच्या आमच्याकडच्या शाखेला आधी विहिरीतल्या बेडकांच्या कुळात घेतले आणि १९३२ पासून 'राकोफोरिडी' हे तिचे स्वतंत्र कुळ धरले जाऊ लागले. खरा 'हायला' आपल्या देशात पाहायचा तर ईशान्येकडच्या डोंगरांत जावे लागते. १८७० साली जर्डन यांनी खासी टेकड्यांतून त्याचे वर्णन केले. यवतमाळच्या न्हाणीशी त्याचा संबंध नाही.

हे सारे ऐकताना माझे लक्ष एकाच गोष्टीकडे होते. मी नातीला म्हटले, "अगं, याचं घर तीनदा-चारदा बदललं. मग तो कंस तसाच कसा?"

"तेच तर सांगते आजी," ती म्हणाली. "नियमच आहे. घराणं बदललं तरी पाळण्यातलं नाव बदलायचं नाही. सगळ्यांत आधी जे ठेवलं ते कायम. घर पुरुषी नावाचं असेल तर 'मॅक्युलाटा'चं 'मॅक्युलाटस' होईल, तेवढाच शेपटीचा फरक. आणि ज्यानं नाव ठेवलं त्याचं नाव कंसात घालायचं. कंस दिसला की समजायचं, याचा जन्म दुसऱ्या घरात झाला आहे."

मी पुस्तक मिटले आणि काही वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसले.

वाचकहो, माझ्या पिढीतल्या पुष्कळ बायकांना हे सांगायला नको. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरतात आणि अंगठीने त्यावर नवे नाव लिहितात. माहेरी माझे नाव एका नदीचे होते, आत्याने ठेवलेले. सासरी ते एका देवीचे झाले. दोन्ही नावे चांगलीच आहेत, आणि सासरच्यांनी ते हौसेनेच ठेवले. आत्याबाईंनी मला त्या नावाने हाक मारली ती शेवटपर्यंत मायेने. बापाचे नाव गेले, आडनाव गेले, याचेही कोणाला काही वाटत नसे, रीतच होती. पण बेडकाचे फक्त आडनाव जाते आणि पाळण्यातले नाव राहते. आमचे मात्र डोक्यापासून पायापर्यंत सगळेच जाते, आणि तांदूळ शेवटी डब्यात परत जातात. लग्नाच्या वा निधनाच्या बातमीत क्वचित 'पूर्वाश्रमीच्या कुमारी अमुक' असा कंस येतो. तो तरी किती जणींच्या वाट्याला?

या कंसाची किंमत मला २०१२ साली चांगली कळली. त्या साली वडील गेले. पुसदकडे थोडी काळी जमीन होती. भावांचे मन मोठे. 'ताई, तुझे नाव लागलेच पाहिजे' म्हणून त्यांनीच वारसनोंदीचा अर्ज केला. अर्ज एका कचेरीत गेला आणि तिथे बसला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर नदीचे नाव. रेशनकार्ड, आधार, मतदारयादी, बँकेचे पुस्तक, साऱ्यांवर देवीचे. टेबलामागचा कारकून स्वभावाने वाईट नव्हता. चष्मा कपाळावर चढवून तो म्हणाला, "बाई, तुमचं खरं असेल. पण कागदावर या दोन बाया आहेत. एक १९७४ नंतर कुठं दिसत नाही आणि दुसरी १९७४ च्या आधी कुठं नव्हती."

या वाक्याने मी जागच्या जागी गार झाले. आयुष्याची वीस वर्षे जगलेली एक मुलगी कागदोपत्री नाहीशी झाली होती, आणि तिचा माग लावायचे काम माझ्यावर आले होते. सात महिने हेलपाटे घातले. लग्नपत्रिका काढली, तर तिच्यावर फक्त माहेरचे नाव. लग्नानंतरचे कागद काढले, तर त्यांवर फक्त सासरचे. जोडणारा दुवा कुठेच नाही. तांदळावर लिहिलेल्याची कोण नोंद ठेवतो? शेवटी दोन्ही नावांनी मला ओळखणाऱ्या माणसांची प्रतिज्ञापत्रे लागली. तेव्हा आत्या आली. ब्याऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, काठी टेकीत. स्टँप पेपरवर अंगठ्याची शाई लावण्याआधी ती कारकुनाला ठणकावून म्हणाली, "मी ठेवलं होतं हिचं नाव. माह्यापक्षा कोणाले जास्त माहीत?"

'ऊर्फ' असा एक शब्द मध्ये घालून दोन बाया एक झाल्या. सातबाऱ्यावर नाव लागले. पण पुढल्या वर्षी आत्या गेली. भाऊ मला ताई म्हणतात, भाचे आत्या म्हणतात, गावात मी देवीच्या नावाने ओळखली जाते. त्या नदीच्या नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस आत्याबरोबर गेले.

बेडकांच्या शास्त्राकडे मी आता याच नजरेने पाहते. लोक म्हणतात, काय हा लॅटिनचा घोळ. दर दहा वर्षांनी नावे बदलतात, मुलांनी पाठ तरी काय करायचे! खरे आहे. २००६ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियममधल्या आणि जगभरच्या अभ्यासकांनी मिळून बेडकांचा अख्खा वंशवृक्षच नव्याने मांडला, तेव्हा आमच्या अंगणातल्या खरबरीत बेडकाचेही आडनाव पालटले. तो 'बुफो' होता, तो 'दत्ताफ्रायनस' झाला. सुशीलकुमार दत्त या आपल्याच भारतीय बेडूक-अभ्यासकाच्या सन्मानार्थ. विहिरीतला डराव, ज्याला पिढ्यान्‌पिढ्या कॉलेजची मुले 'राना टायग्रिना' म्हणून चिरीत आली, तो आता 'होप्लोबॅट्राकस' आहे. पण या बदलांत कुठलेही जुने नाव पुसून टाकलेले नाही. प्रत्येक जातीच्या खाली तिची आजवरची सगळी नावे, कोणी, कधी, कोणत्या पानावर दिली, ते ओळीने लिहून ठेवलेले असते. आमच्याकडे जमिनीचा फेरफार असतो, तसा हा नावांचा फेरफार. १८३० मधली 'हायला मॅक्युलाटा' आणि आजचा 'पॉलिपेडेटीस मॅक्युलाटस' एकच कशावरून, असे कोणी कचेरीत विचारले, तर बेडकाला आत्या आणावी लागत नाही.

नावे चुकीचीही पडतात, ती गोष्ट वेगळी. अ‍ॅनंडेल साहेबांनी १९१९ मध्ये एका छोट्या झुडूपबेडकाला 'बॉम्बेएन्सिस' म्हटले, म्हणून मुंबईकरांनी हुरळून जाऊ नये. तो कॅसलरॉकचा. ते गाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते म्हणून हे नाव; आज ते कर्नाटकात आहे. पण नाव तेच राहिले, कारण ते आधी ठेवले होते. त्या झुडूपबेडकांचे घराणे २०१० साली नव्याने बसवले आणि बंगलोरच्या नारायण राव यांच्या स्मरणार्थ त्याला 'राओर्चेस्टीस' म्हटले. ते बसवणाऱ्यांत पुण्याचे योगेश शौचे होते. २०१३ साली सह्याद्रीतल्या अशाच एका नव्या बेडकाला पुण्याच्या प्राध्यापक हेमंत घाटे यांचे नाव मिळाले. सह्याद्रीवर अशी बारशी अजूनही होत असतात. आमच्या वाट्याला हा जुनाच ठिपकेवाला. इंग्रजीत त्याच्या नावामागे 'सामान्य' असे विशेषणच लावतात.

सामान्यांचे असे असते, की ते आहेत हे सर्वांनी धरूनच चाललेले असते. आमच्या जिल्ह्यात २०१८ साली एका वाघिणीची दोन नावे देशभर गाजली. वनखात्याच्या कागदात ती 'टी-१'. बाहेरच्या जगात 'अवनी'. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. राळेगाव तालुक्यात बोराटीच्या रानात २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली. कोण कोणते नाव घेतो यावरून तो कोणत्या बाजूचा ते कळे. वाघाला दोन दोन नावे मिळतात. बेडकाची साधी मोजदाद होत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या पावसाळ्यात, कपाशीवर फवारणी करताना आमच्या जिल्ह्यातल्या कित्येक शेतकऱ्यांचा आणि मजुरांचा विषबाधेने जीव गेला. त्या माणसांची नावे निदान छापून आली. बेडूक तर कातडीनेच पाणी पितो आणि कातडीनेही श्वास घेतो. त्या धुऱ्यांवर, त्या डबक्यांत किती मेले असतील, हे कोणी लिहून ठेवले नाही. नाव नोंदलेले असणे आणि नोंद ठेवणारा कोणी असणे, या दोन गोष्टी नेहमी एकत्र येतातच असे नाही.

म्हणून नातीने यंदा जे काम घेतले आहे ते मला मोलाचे वाटते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत यवतमाळच्या आसपासची विहिरी, हौद, शेततळी हिंडून ती बेडूक मोजते आहे. आमचे न्हाणीघर आता टाइल्सचे झाले. रांजण गेला, हौदही बुजवला. पण मागल्या भिंतीशी पाण्याची प्लॅस्टिकची टाकी आहे, आणि आषाढातल्या एका सकाळी तिच्या कडेला मला पुन्हा तो फेसाचा गोळा दिसला. मी तिला अमरावतीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी हजर. छापील तक्ता काढून तिने जात लिहिली, गाव लिहिले, तारीख-वेळ लिहिली. शेवटचा रकाना होता, प्रथम पाहणाऱ्याचे नाव.

"तुझंच नाव घालणार, आजी. काय लिहू?"

मी म्हटले, "बेडकाच्या नियमानं लिही. आडनाव सासरचं, ते आता माझंच आहे. नाव पाळण्यातलं. आणि पुढं कंसात माझ्या आत्याचं."

तिने मान वर केली नाही, लिहीतच होती. नदीचे नाव तिला ठाऊक होते, याचेच मला बरे वाटले. मग पेन थांबवून तिने विचारले, "आणि साल? कंसात सालही लागतं."

मी सांगितले, "एकोणीसशे चोपन्न."